जाळ्यातल्या हिरव्या पुड्या

हॉस्टेलच्या बाथरूममधून हिरव्या सफरचंदाच्या शाम्पूचा वास आला की मला नवेगाव बांधचं तळं आठवतं. सातवीच्या सुट्टीत मी तिथे मावशीकडे गेले होते. रोज घाटावर केस धुवायचे आणि शाम्पूची रिकामी हिरवी पुडी दगडाखाली खोचून ठेवायचे. शेजारची माझ्याच वयाची मुलगी काठची माती लावून डोकं धुवायची आणि माझे केस हुंगून हसायची. एका सकाळी मी केस धुऊन पायरीवर बसले असताना तिच्या आईने जाळं ओढलं. त्यात थोडे मासे आणि पाच-सहा हिरव्या पुड्या निघाल्या, एक तर माशाच्या कल्ल्यातच अडकलेली. मुलगी कितीतरी दिवस शाम्पूसाठी मागे लागली होती, म्हणून आई तिच्यावरच उखडली. "काऊन वं पोरी, पाण्यात पुड्या फेकून राहिली?" "म्या नाही फेकल्या, आई." "मंग का मासोळ्यांनी डोस्की धुतली? उद्या गोंदियाले जाचं नाही तुले!" ती आमच्याबरोबर पहिल्यांदाच गोंदियाला येणार होती. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओल्या केसांचा वास तिच्यापर्यंत नक्कीच जात होता. मी मान खाली घातली, आणि तीही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. आता मी रिठ्याच्या पाण्याने केस धुते, पुडी विकत घेत नाही. मैत्रिणी कौतुकाने विचारतात, हे तुला कुणी शिकवलं? मी तेव्हासारखीच गप्प राहते.