घड्याळबाई

सल्ला ही जगातली सगळ्यात स्वस्त वस्तू. न मागता मिळते, वर देणाऱ्याला चहाही पाजावा लागतो. तोच सल्ला विकून पोट भरायचं असं तिनं ठरवलं, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात फुकट देत होतीस, ते काय कमी होतं?"

आधी ती एका मोठ्या कारखान्यात नोकरीला होती. कोणतं काम किती वेळात होतं, माल कुठे अडतो, कोण उगाच येरझारा घालतं, हे बघायचं आणि मोजायचं. त्या कारखान्याला कुलूप लागलं. मग तिनं एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली, टेबल मांडलं आणि बाहेर 'उद्योग सल्लागार' अशी पाटी लावली. पहिली दोन वर्षं ती पाटी फक्त शिंप्याच्या गिऱ्हाइकांनी वाचली. एखादा कारखानदार चुकून वर आलाच, तर दारातून डोकावून विचारायचा, "साहेब कधी येतात?" ती म्हणायची, "मीच साहेब." मग त्याला एकदम कुठलंतरी महत्त्वाचं काम आठवायचं.

तरी बाई चिवट. एक छापखाना मिळाला, एक बेकरी मिळाली, बर्फाचा एक कारखाना मिळाला. तिची पद्धत साधी होती. मालकाच्या केबिनमध्ये बसून पंख्याखाली ज्ञान पाजळायचं नाही. सेकंदकाट्याचं घड्याळ गळ्यात अडकवायचं आणि दिवसभर कामगारांच्या शेजारी उभं राहायचं. पाय सुजायचे, पण उभी राहायची. तिथूनच तिचं नाव पडलं, घड्याळबाई.

आता एक गोष्ट कुठेही जा, सारखीच. घड्याळ दिसलं की कामगाराचे हात जड होतात. एरवी झपाझप खिळे ठोकणारा माणूस तिच्यासमोर एकेक खिळा देवाला वाहिल्यासारखा ठोकायचा. यात लबाडी नाही बरं का, शहाणपण आहे. आज पळून दाखवलं की उद्यापासून रोज पळावं लागतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती रागवायची नाही. मोजलेल्या वेळातला थोडा वेळ हिशेब करताना कापून टाकायची, आणि मालकालाही तसं सरळ सांगायची. मालक लोक खूश व्हायचे. ही बाई फसत नाही म्हणायचे.

पण छापखाना आणि बेकरीवर खोलीचं भाडंही सुटेना. महिनाअखेरीला खोली सोडते, असं तिनं शिंप्याला सांगूनही टाकलं. आणि तेव्हा दादा मधे पडला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले. हिचं शिक्षण थांबू नये म्हणून त्यानं स्वतःचं थांबवलं आणि प्लॅस्टिकच्या बादल्या, डबे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. चढत चढत पॅकिंग खात्याचा मुकादम झाला. कधी कुणाकडे काही मागितलं नाही. बहिणीसाठी मात्र मालकाच्या केबिनबाहेर ताटकळत उभा राहिला. "साहेब, एकदा तिचं काम तर बघा," म्हणाला.

मालकाचे असे तीन कारखाने होते. तो म्हणाला, "या एकात काय करून दाखवता बघू. पटलं तर बाकीचे दोन तुमचेच." म्हणजे खोली राहणार की जाणार, पाटी राहणार की उतरणार, सगळं या एका कामावर आलं.

ती कारखाना फिरली. मशीनवरचे लोक तिला बघून नेहमीप्रमाणे सुस्तावले, तिनं नेहमीप्रमाणे मोजलं. मग पॅकिंग खात्यात आली, आणि बघतच राहिली. बायका-पुरुष असे भराभर हात चालवत होते की पुठ्ठा घडतोय कधी, खोकं भरतंय कधी, चिकटपट्टी बसतेय कधी, कळेना. कुणी मान वर करत नव्हतं. मधे दादा उभा, छाती पुढे काढून. तिचा ऊर भरून आला. याला म्हणतात शिस्त, तिला वाटलं, माझ्या दादाची शिस्त.

अगं, जन्म घड्याळ लावून मोजण्यात घालवलास ना? जगातले सगळे हात तुझ्यासमोर जड होतात आणि इथलेच का होत नाहीत, हा प्रश्न एकदा तरी पडायला नको होता? नाही पडला. माया आडवी आली. आणि हिशेबाला बसली तेव्हा हातानं सवयीनं इथलाही थोडा वेळ कापला.

तिच्या आकड्यांवरून निघालं ते असं, की पॅकिंग निम्म्या माणसांत होतं. माणसं काढा असं तिनं कुठेही म्हटलं नव्हतं. जादा माणसं ट्रकमध्ये माल चढवायला द्या, तिथेच माल अडतोय, असं तिनं लिहिलं होतं. मालकानं 'निम्मी माणसं' तेवढं वाचलं. आठवडा संपायच्या आत अर्धं खातं घरी बसलं. आणि उरलेल्या मूठभर लोकांवर मुकादम कशाला हवा? दादाही घरी बसला.

वहिनीनं फोन केला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तू येणार म्हणून तुझ्या दादानं आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं," ती म्हणाली. "माझी बहीण येतेय, तिच्यासमोर आपल्या खात्याची मान खाली जाता कामा नये, असं. त्याच्या शब्दाखातर दिवसभर कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी हात सुजून दोघी घरी बसल्या होत्या. तुला नाही कळलं?"

ती तडक कारखान्यात गेली. फाटकाशी पॅकिंगमधली एक बाई कामावरून काढल्याचा कागद हातात घेऊन उभी होती. तिनं हिच्याकडे बघितलंही नाही, शेजारणीला म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." ही खाली मान घालून आत गेली.

"माझं मोजमाप चुकलं," ती मालकाला म्हणाली. "लोक त्या दिवशी जिवावर उदार होऊन काम करत होते. रोज तसं होणार नाही. मला परत मोजू द्या."

मालक हसला. वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता. "बाई, घड्याळासमोर लोक हळू काम करतात, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना? आता नोकरी गेल्यावर तर मुंगीच्या पावलानं करतील. पहिलं मोजमाप खरं. अहो, तुम्ही सख्ख्या भावाचीसुद्धा गय केली नाहीत, असा माणूस मला हवाच आहे. बाकीचे दोन कारखाने कधी सुरू करताय?"

तिचेच शब्द तिच्यावर उलटले होते. "पुढच्या सोमवारपासून," ती म्हणाली.

हो, म्हणाली. नाही म्हटलं असतं तर गेलेली माणसं परत येणार होती का? असं तिनं स्वतःला समजावलं. शिवाय आता दादाला आपल्या हाताखाली, छे, आपल्या बरोबरीनं घेऊ, असंही ठरवलं. वाटेत शिंप्याला सांगितलं, खोली ठेवतेय. त्यानं अभिनंदन केलं. तिला ते ऐकवेना.

मग ती दादाकडे गेली. दार उघडंच होतं. औषधांच्या दुकानाला लागणारी छोटी खोकी घडवायचं काम त्यानं घरी आणलं होतं. जमिनीवर बसला होता, दाराकडे पाठ अर्धी वळवून. त्याचे हात असे चालले होते की ती उंबऱ्यातच थबकली. घडी, दाब, बाजूला. घडी, दाब, बाजूला. लहानपणी तिच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा तेव्हाही हेच हात होते.

"कोण आलंय बघ," वहिनी आतून म्हणाली.

दादानं वळून पाहिलं. "ये, बस," म्हणाला. ना राग, ना टोमणा. मग त्यानं पुढचा पुठ्ठा उचलला, नीट न्याहाळला, एक कड सावकाश दुमडली, तिच्यावरून नख फिरवलं, थांबला, आणि मग दुसरी कड हातात घेतली.

तिला कळायचं ते कळलं. साऱ्या जगात हे एकच माणूस होतं, ज्याचे हात तिच्यासमोर कधी जड झाले नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "मी घड्याळ नाही आणलं रे."

"असू दे," तो म्हणाला, आणि तितक्याच सावकाश तिसरी कड दुमडायला लागला.