शोभाच्या लग्नातली एका बोटाची पेटी

माझ्या मेहुणीचं लग्न मुहूर्ताच्या सतरा मिनिटं आधीच लागणार होतं. लागलं नाही ते भटजींमुळे, आणि लागणार होतं ते माझ्यामुळे.

त्या काळी मी मंचेरियलला नोकरीला होतो. नव्वदीची सुरुवात, नवीन नवीन पगार आणि अंगात कला नसल्याची खंत. तेवढ्यात बाजारात एका दुकानात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिसला. दुकानदार तेलुगू. मी त्याला हिंदीत म्हणालो, मला वाजवता येत नाही. तो म्हणाला, "ओक वेलु चालु, सार." एक बोट पुरे. आणि खरंच, ऑटोचं बटण दाबून डाव्या हाताचं एक बोट ठेवलं की आतून ढोल, झांजा, गिटार असा सगळा ताफा वाजायला लागायचा. उजव्या हाताने अधूनमधून टिंग टिंग केलं की झाले आपण कलावंत.

हे खरं फक्त माझ्या बायकोला, सुलभाला माहीत होतं. तिच्या माहेरी, नार्नूरजवळच्या खेड्यात, मी ही कीबोर्डची पेटी घेऊन गेलो तेव्हा अंगणात ही गर्दी. माझे सासरे कापूस नि ज्वारी पिकवणारे, मोजकं बोलणारे. ते पेटीच्या मागे जाऊन वाकून बघून आले आणि म्हणाले, "जावईबापू, एवढी मानसं ह्याच्यात मावली कशी?" मी नम्रपणे हसलो. (नम्रपणे हसणं हा खोटं बोलण्याचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे.) मग त्यांनी धाकट्या शोभाच्या लग्नात मंगलाष्टकांना साथ करायची गळ घातली. रात्रभर सुलभा सांगत होती, खरं काय ते बाबांना सांगून टाका. मी म्हणालो, त्यांचं मन कसं मोडू? मन अर्थात माझंच मोडणार होतं.

तयारी मात्र मी जय्यत केली. लाइटीचा भरवसा नाही म्हणून पेटीत सहा नवे सेल घातले. कोणाचा धक्का लागून ऐनवेळी बंद पडू नये म्हणून चालू-बंदच्या खटक्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी तीन पदरी लावली. पेटी थांबू नये यासाठी जे जे करता येईल ते मी केलं. ती थांबवावी लागेल, हे डोक्यात आलंच नाही.

मुहूर्त अकरा बेचाळीसचा. नवरदेवाकडची मंडळी यवतमाळकडची, ऐटबाज. भटजी महाराज सत्तरीचे, दातांनी साथ सोडलेले. मांडवात एकच माईक, तो महाराज आणि मी यांच्या मध्ये. पहिलं मंगलाष्टक छानच झालं. संथ ठेका, महाराजांचा खर्जातला आवाज, बायकांच्या माना डुलायला लागल्या. सासऱ्यांनी लांबून माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचा हेवा वाटला. "शुभ मंगल सावधान" झालं आणि चहूकडून अक्षता आल्या.

आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या. कुंकवात रंगवलेली, टपोरी, सासऱ्यांच्याच शेतातली. त्यातला एक दाणा नेमका स्टार्ट-स्टॉपच्या बटणाच्या फटीत गेला आणि बटण दाबलंच जाईना.

ठेका थांबेना. महाराजांनी पाण्याचा घोट घेईपर्यंत वाट पाहिली, मग नाइलाजाने दुसरं सुरू केलं. मी घाबरून शेजारचं बटण दाबलं तर संथ ठेक्याचा डिस्को झाला. वेग कमी करायचं बटण दाबलं, ते वाढवायचं निघालं. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे वाघाचं खेळणं. तो वाघ आता शेपटीला लवंगी फटाके बांधल्यासारखा पळत होता आणि महाराज त्याच्या मागे. श्वास घ्यायला थांबावं तर झांज वाजे, की ते पुन्हा सुरू. दोन मंगलाष्टकं तर त्यांनी एकाच दमात उरकली. मी पेटीची वायर उपटली. सेल नवे होते. काही फरक पडला नाही.

माईकवाला राजन्ना उत्नूरचा. त्याने माईक बंद केला तर महाराज बंद झाले आणि पेटी आपल्या गळ्याने वाजतच राहिली. त्याने पुन्हा माईक सुरू केला आणि हात जोडून मला विनवायला लागला, "चालु सार, चालु." तेलुगूत चालु म्हणजे पुरे. पण यवतमाळकरांना ते काय ठाऊक? नवरदेवाचे काका उठून म्हणाले, "हो, हो, चालूच ठेवा," आणि फेटा सावरत नाचायला लागले.

आठही मंगलाष्टकं अकरा पंचविसाला संपली. अंतरपाट धरणारे तो खाली घेणार, तोच महाराजांनी त्यांचे हात पकडले. "आजून सतरा मिनटं हायेत," ते धापा टाकत म्हणाले. "तोवर हे काय करायचं?"

मग नवरदेवाच्या आत्या पुढे झाल्या. त्यांनी घरी रचून आणलेलं मंगलाष्टक, ज्यात दोन्हीकडचे एकूण एक नातेवाईक नावानिशी होते, त्या डिस्कोवर म्हणाल्या. लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. अंतरपाटाआड शोभाचे खांदे हलताना दिसले. पोरगी रडते आहे, तिचं आयुष्यातलं एकच लग्न आणि मी त्याचा तमाशा केला. पेटी उचलून विहिरीत टाकावी, असं मनापासून वाटलं.

सुलभा करवली, शोभाच्या मागे दिवा धरून उभी होती. तिने दिवा मामीच्या हातात दिला, माझ्याजवळ आली, केसातला आकडा काढून चिकटपट्टी सोलली आणि खटका ओढला. मांडव एकदम शांत झाला. त्या शांततेत शोभाचं हसू ऐकू आलं. ती मघापासून हसतच होती. अकरा बेचाळीसला अंतरपाट खाली आला तेव्हा नवराही डोळे पुसत होता.

पंगतीत सासरे माझ्यापुढे वाढायला थांबले. हळूच विचारलं, "जावईबापू, तुमी सोता नेमकं काय वाजवून राह्यले होते?"

आता खरं सांगायलाच हवं होतं. म्हणालो, "मामाजी, मी फक्त एक बोट ठेवलं होतं."

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. "मंग तेबी काऊन ठेवलं?" म्हणाले आणि पानात आणखी एक लाडू टाकून पुढे गेले.

पुढच्या उन्हाळ्यात शोभाच्या सासरहून तिच्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका आली. खाली हाताने लिहिलं होतं: "सुलभाताईंनी पेटी घेऊन अगत्य यावे. साहेबांना सवड नसल्यास आमचा आग्रह नाही."

मला भरपूर सवड होती.