कंट्रोल पॅनलची उत्तर दिशा

दिशांचं भान हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. माणसाने आकाशाकडे बघून पूर्व ठरवली, मग घरं बांधली, देवळं बांधली, समुद्र ओलांडले. आमच्या कंपनीला हे भान एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर आलं.

अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस आहे. आम्ही लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. कारखानदारांच्या, सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्यांच्या आणि पंचवटीतल्या एका गुरुजींची. गुरुजींच्या साइटवर देशभरातले यजमान पूजेची वेळ ठरवतात. त्यांचे सगळे भाऊबंदही त्यांच्या शब्दावर आमच्याकडे आले होते. त्या मंगळवारी गुरुजींनी निरोप पाठवला की ते दुसऱ्या कंपनीत जाण्याच्या विचारात आहेत. ते गेले असते तर त्यांच्यामागे अर्धी पंचवटी गेली असती आणि ऑफिसात बेकरीचा वास तेवढा उरला असता.

साहेबांनी निदान केलं : आपलं कंट्रोल पॅनल चारचौघांसारखं दिसतं. लॉगिन केल्यावर ग्राहकाला दिसणारं ते पान, ज्यावर ई-मेल, फायली, बॅकअप अशी चित्रं चौकटीत मांडलेली असतात. ते सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असतं, पण त्याचे रंग आणि मांडणी बदलता येते. बदलणारा मी.

मला वाटलं, केशरी रंग दिला की भागेल. साहेबांनी आपल्या मेव्हण्यांना बोलावलं. मेव्हणे वास्तुसल्लागार आहेत. ते होकायंत्र घेऊन आले आणि त्यांनी ते मॉनिटरला टेकवलं. काटा गरकन फिरला.

"दाजी, इथे ऊर्जा आहे," मेव्हणे म्हणाले.

मी शेजारचा स्पीकर उचलून लांब ठेवला. काटा शांत झाला. याची कोणी दखल घेतली नाही.

पुढचा प्रश्न स्क्रीनची उत्तर कुठली हा होता. मेव्हण्यांच्या मते नकाशासारखी वर. साहेबांचं म्हणणं, त्यांचं टेबल पूर्वेला तोंड करून असल्यामुळे स्क्रीनच्या मागे पूर्व येते. "मग ग्राहकाचं टेबल?" मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की उत्तर वरच ठरली.

त्यानंतर काम भराभर झालं. बॅकअप जड, म्हणून नैऋत्येला. सर्व्हरवरचा ताण दाखवणारा आलेख तापतो, म्हणून आग्नेयेला. ई-मेल माणूस सकाळी उठल्या उठल्या बघतो, म्हणून पूर्वेला. ईशान्येला साहेबांना स्वतःचा फोटो हवा होता.

"तिथे देव असतो, दाजी."

"मग लोगो टाका."

"आणि डिलीटचं बटण?" मी विचारलं.

"दक्षिण. त्यात विचारायचं काय?"

मधली चौकट ब्रह्मस्थान म्हणून मोकळी सोडायची होती. मी तिथे एक चित्र खपवून पाहिलं, मेव्हण्यांनी ते काढायला लावलं. एका आठवड्यात पॅनल तयार झालं. मोठ्या स्क्रीनवर ते बरं दिसत होतं हे मान्य करायला हवं. फक्त मधोमध कोणीतरी काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटायचं.

गुरुजींना चहाला बोलावलं. साहेबांनी पडदा उघडावा तसा मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. मेव्हण्यांनी आठही दिशा समजावल्या. गुरुजी स्वतः महिन्यात चार घरांची वास्तुशांत करतात. ते शांतपणे ऐकत होते.

"मधे रिकामं का?"

"ब्रह्मस्थान, गुरुजी."

"अच्छा. मग याची वास्तुशांत कोण करणार?"

साहेबांना हा प्रश्न व्यावहारिक वाटला. ते माझ्याकडे बघू लागले.

गुरुजींनी उपरण्याला हात पुसून मोबाइल काढला. "मी हे सगळं यावरच बघतो. दोन पूजांच्या मधे तेवढाच वेळ मिळतो." त्यांनी लॉगिन केलं. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर चौकटी शेजारी शेजारी मावत नाहीत, एकाखाली एक येतात. आठही दिशा सरळ एका रांगेत उभ्या होत्या. वरून चौथ्या चौकटीनंतर पडदाभर पांढरं आलं.

"इथे संपलं," गुरुजी म्हणाले.

"अजून खाली या, गुरुजी. ते ब्रह्मस्थान आहे," साहेब म्हणाले.

ते अंगठ्याने ब्रह्मस्थान ओलांडत राहिले. मेव्हणे खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते. शेवटी पूर्व दिशा आली.

"हां, हे ई-मेल. हेच हवं होतं. त्या दुसऱ्या कंपनीत साइट न्यायची तर एक कोड लागतो म्हणे. मेलवर पाठवतो म्हणाले, अजून येतच नाहीये."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी मोबाइलमध्ये डोकावलो. मेलबॉक्स काठोकाठ भरलेला होता, नवीन काही आत शिरायला जागा नव्हती. मी तसं सांगितलं. जुने मेल काढून टाकले की कोड येईल, हेही सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते मी पाहिलं नाही.

"काढून कसे टाकू? यजमानांच्या पत्रिका आहेत त्यात," गुरुजी म्हणाले. "निवांत बसून एकेक बघावी लागेल."

ते चहा संपवून गेले. त्याला वर्ष होत आलं. मेव्हण्यांनी या कामाचा फोटो आपल्या माहितीपत्रकात छापला आहे, आणि साहेब नव्या ग्राहकांना सांगतात की गुरुजींसारखी जाणकार माणसं आमच्याकडे टिकून आहेत ती पॅनलच्या मांडणीमुळे. गुरुजींना अजून निवांत वेळ मिळालेला नाही.