रखमीबायची चूक

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका आश्रमशाळेत रखमीबाय वीस वर्षं कामाठीण होती. भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, घंटा वाजवायची आणि तापलेल्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं. यातलं शेवटचं काम कुठल्याही कागदावर नव्हतं. पोरांचं आपल्याला सगळं कळतं, असं तिला वाटे. वीस वर्षं पोरींच्या वेण्या घातलेल्या बाईला तसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

२०१६च्या जूनमध्ये नऊ वर्षांची हर्षदा चौथीत आली. घंटा झाली की ती कान झाकून भिंतीला चिकटायची आणि किंचाळायची. भाताला डाळ लागली की ताटावरून उठायची. कोणाशी बोलत नसे. गुरुजींनी तिला हट्टी ठरवलं आणि पोरींनी येडी. रखमीबायने काहीच ठरवलं नाही. घंटा वाजवण्याआधी ती चौथीच्या दारात यायची आणि म्हणायची, "वाजवतंय हां." पोर आधीच कानांवर हात ठेवायची. महिन्याभरात किंचाळणं थांबलं. डाळीला वेगळी वाटी मिळाली, आणि हर्षदा रखमीबायच्या हातचं पोटभर जेवू लागली.

सप्टेंबरात मुख्याध्यापकांनी तलासरीच्या बाजारातून काकड्या आणल्या. पोरांच्या पोटात काहीतरी ताजं जावं, एवढाच त्यांचा हेतू. सगळ्यांनी ताव मारला. हर्षदाने मात्र फोड भाताला टेकलेली पाहिली आणि ताट सरकवलं. पोरीला आवडत नसेल, असं रखमीबायला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने चार घरच्या आया करतात तेच केलं. काकडी किसून पिठात मिसळली आणि छान खरपूस भाकरी थापून दिली. हर्षदाने पहिला घास तोंडात घातला, थांबली आणि तो हातावर काढून कितीतरी वेळ बघत राहिली. त्यानंतर तिने रखमीबायच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा धीर सुटला. माणूस घाटावरचा, मनाने वाईट नव्हता, पण भित्रा. उपाशी पोरीला शाळेत काही झालं तर उत्तर कोण देणार? त्यांनी समुद्रकाठच्या झाईला मासेमारीच्या बोटीवर कामाला असलेल्या तिच्या बापाला, सुक्याला, फोन केला. "शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवतो, पोरीला घेऊन जा."

हे ऐकताच रखमीबायने हातातलं काम टाकलं. ती पोरीजवळ भुईवर जाऊन बसली. तिने विचारलं, "काय झाला गं?"

"देवाला नाय दिली," हर्षदा भिंतीकडे बघत म्हणाली.

रखमीबायला कोणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. तिच्या पाड्यावर, आणि हर्षदाच्याही, नवी काकडी दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. शाळेत मात्र आधी खाल्लेलं चालतं, हे बाकीची पोरं न शिकवता शिकली होती. रखमीबायसुद्धा शिकली होती. तिने स्वतः दोन फोडी खाल्ल्या होत्या, त्याही पोरीसमोर.

"मी चुकलू," ती म्हणाली. "तुला फसवली. परत नाय फसवनार. बारशीपर्यंत मी पन नाय खानार."

तिने पातेली राखेने पुन्हा घासली आणि पोरीच्या डोळ्यांदेखत चुलीवर भात टाकला. हर्षदा दाराच्या चौकटीला धरून बघत राहिली. पण जेवली नाही.

दुपारी सुक्या आला. आल्या आल्या त्याने मुलीची पेटी उचलली. रखमीबाय त्याच्यामागोमाग कार्यालयात शिरली. वीस वर्षांत ती तिथे चहा देण्यापलीकडे कधी थांबली नव्हती.

"सर, इला रोग नाय. इला सांगला ते ही पाळते. घरी सांगला, ते पाळला. तुमी शिकवाल ते पन पाळंल. चूक माझी हाय."

"अहो रखमीबाई, ते सगळं खरं, पण जबाबदारी माझ्यावर आहे ना!"

मग ती सुक्याकडे वळली. "दादा, माजा तुक्या असाच होता. घंटा झाली का पळं. तीनदा मी त्याला काठीनं मारत शाळंत आनला. चवथ्यांदा हायवेवरच्या ट्रकात बसून गेला. अकरा वर्सां झाली. दुसऱ्याच्या पोरींच्या वेन्या घातल्या मी, आन माज्या पोराला येकदा इचारला नाय, का रं पळतोस म्हनून."

सुक्याने पेटी खाली ठेवली. स्वयंपाकघरात रखमीबायने हर्षदाला ताट वाढलं आणि त्याच पातेल्यातला भात स्वतः आधी खाल्ला. हर्षदाने तिचं तोंड निरखून पाहिलं आणि मग पहिला घास घेतला. सुक्या दारात उभा राहून रडत होता.

मुख्याध्यापकांनी दाखल्याचं पुस्तक मिटलं, पण कपाटात ठेवलं नाही. "दिवाळीनंतर बघू," म्हणाले. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळेला उभं करून बजावलं, "सुट्टी संपली की सोमवारी नऊ वाजता सगळ्यांनी हजर राहायचं." दरवर्षीचंच बजावणं ते. दिवाळीनंतर आठ-आठ दिवस पोरं परतत नाहीत, हे सरांनाही ठाऊक होतं.

रखमीबायचे दिवाळीचे दिवस जिवाला घोर लावून गेले. सुक्या पुन्हा बोटीवर गेला असेल, आई शेतात असेल, पोरीला इतक्या लांब कोण आणून सोडणार?

त्या सोमवारी पावणेनऊला हर्षदा फाटकात उभी होती. आई पेटी घेऊन मागे. चौथीचा वर्ग रिकामा होता. तिसरीचा, पाचवीचा, सगळी शाळाच रिकामी होती. हर्षदा आपल्या जागेवर जाऊन बसली. मुख्याध्यापकांनी स्वतःच हजेरीपट उघडला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती त्यांच्याशी बोलली.

"बाकीची कुठं हायेत? तुमी सगळ्यांना सोमवार सांगला ना?"

"हो बाळ," सर खाली बघत म्हणाले. "सांगितला होता."

दाखल्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. रखमीबायने त्या दिवशी एकाच पोरीसाठी चूल पेटवली, डाळीची वाटी वेगळी ठेवली, आणि नऊ वाजायला आले तशी चौथीच्या दारात जाऊन म्हणाली, "वाजवतंय हां."