राईची हत्यारभेट

भाईंदर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘राई’ म्हटलं, तर त्याने आधी माझ्या जरीच्या साडीकडे पाहिलं. “शादी में जा रहे हो? रास्ता खराब है, पकड के बैठना.” पकडून बसूनही डोकं दोनदा टपाला आपटलं. पण मिठागरांतल्या पांढऱ्याशुभ्र राशी दिसल्या आणि मी टेंगूळ विसरले.

माझी वसतिगृहातली मैत्रीण मालती इथली. तिच्या धाकट्या बहिणीचं, वनिताचं लग्न होतं. मालतीच्या जमातीची, म्हणजे खाडीकाठच्या नाखणे मंडळींची, घरं मोजकीच, पण रीत जगावेगळी. लग्नाआधी, हळदीच्या दिवशी, दोन्ही घरं आपापलं पिढीजात हत्यार एकमेकांना देतात. तिला म्हणतात ‘हत्यारभेट’.

“आपलं हत्यार त्यांच्या घरात, त्यांचं आपल्या घरात. मग भांडणार कशाने?” कोलंबीचं कालवण वाढत मालती म्हणाली. आम्ही पुणेकर जिभेने भांडतो, तिची अदलाबदल कशी करायची, असं विचारणार होते. पण तोंडात तांदळाची भाकरी होती.

दुपारी वनिताच्या आत्याबाईंनी मांडवात तलवार आणली. गंजलेली, धारेवर जागोजागी दाते (खाचा) पडलेली. हे दातेच घराची ओळख, आणि मोजक्या घरांचे दाते जुन्या माणसांना पाठ. समोरच्या घरातलं वडीलधारं माणूस त्यांवरून बोट फिरवून हत्यार ओळखतं, तेव्हाच सोयरीक पक्की. म्हणून हत्यार घासायचं नाही, त्याला धार लावायची नाही. किती शहाणी माणसं, असं मला वाटून गेलं.

नवरदेव सतीश पेणकरपाड्याच्या बिल्डिंगीत वाढलेला. त्याने लाल फडक्यातून आपल्या घरचा कोयता काढला आणि मांडव लखलखला. आत्याबाईंनी धारेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“दाते कुठं हायेत?”

“गंज चढला होता, आत्या. चांगला दिसावा म्हणून घासून, धार लावून, पॉलिश करून आणलाय.”

“मंग ह्यो तुमच्याच घरचा कशावरून? असा बाजारात बी मिलतो.” त्यांनी कोयता खाली ठेवला. “बिनवळखीचं हत्यार मी घरात घेनार न्हाय. लगीन व्हायाचं न्हाय.”

ढोल थांबला. सतीशची आई रडू लागली. वनिताच्या वडिलांनी मोठ्या बहिणीपुढे हात जोडले. मला त्या पोराची फार दया आली. बिचाऱ्याने हौसेपायीच घोळ घातला होता.

तेवढ्यात हळदीने माखलेली वनिताच उठली. तिने घरची तलवार उचलली.

“सतीश, कोयता धर. घट्ट धर.”

आणि तिने तलवारीची धार कोयत्याच्या धारेवर हाणली. खण्णकन आवाज झाला. दोन्ही पात्यांवर ताजी खाच पडली.

“आता बघ, आत्या. वळख पटतेय का?”

आत्याबाईंनी एका खाचेत दुसरी बसवून पाहिली. चपखल बसली. “पटली,” त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. ढोल पुन्हा सुरू झाला. एवढ्या हिमतीची नवरी मी तरी पाहिली नव्हती.

लग्न आटोपून पुण्याला परतले, तर दुसऱ्या दिवशी दारात धारवाला हजर. माझ्या विळीच्या पात्याला एक खाच आहे. ही विळी माझ्या लग्नात आईने दिलेली, तिच्या रोजच्या वापरातली. आणि खाच तिनेच नारळाशी झटापट करताना पाडलेली. ती घासून काढायचं मी कधीपासून म्हणत होते. विळी त्याच्या हातात दिली आणि लगेच परत मागितली.

“ताई, धार नको?”

“नको,” म्हटलं. घरात येऊन खाचेवरून हळूच बोट फिरवलं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचा हात लगेच ओळखू आला.