मार्करांची सिंगल्स

कलकत्त्याला जायला मी भिंगार सोडलं त्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडं बघतच नव्हते. नगर स्टेशनच्या फलाटावरच्या नळाकडं बघत होते. नळाखाली रिकाम्या कळशांची रांग होती आणि नळ नुसता फुसफुसत होता. आईनं दशम्यांच्या फडक्याला एक गाठ मारली, डोळे पुसले, परत दुसरी गाठ मारली. तिला हसवायला मी स्टेशनमास्तरची नक्कल केली, पोट पुढं, शिट्टी तोंडात. ती हसली नाही. तिथंच मला कळायला पाहिजे होतं की दिवस काही खरे नाहीत. माझ्या नकलेला न हसणारं माणूस भिंगारात तोवर मी बघितलंच नव्हतं.

गाडी हलली तसे दादा खिडकीबरोबर चार पावलं चालले.

"बाळू, तितं आत्ता जो मार्कर हाय, त्येचं काय हुनार?"

"मला काय म्हाईत! त्यो त्येचं बघंल की."

"हं," म्हणाले. भिंगारातल्या म्हशीपासून मेजरपर्यंत सगळ्यांची नक्कल मी करतो. त्या "हं"ची मला अजून जमलेली नाही.

भिंगारकरांना सांगायला नको, पण माझ्यासारखेच जे कुठंकुठं पोटाला लागलेत आणि ज्यांनी लष्कराचा क्लब लांबूनच बघितला, त्यांच्यासाठी सांगतो. मार्कर म्हणजे साहेबलोकांशी टेनिस खेळायला ठेवलेला पगारी माणूस. कामाचा नियम एकच. चेंडू साहेबाच्या हातात द्यायचा. साहेब कुठंही मारू दे, आपण पळायचं आणि परत त्याच्या पुढ्यात, कमरेइतका उंच, लाडूसारखा ठेवायचा. जिंकायचं नाही, आणि मुद्दाम हरतोय असं दिसूही द्यायचं नाही. हे मी भिंगारच्या क्लबात मिसरूड फुटायच्या आत शिकलो. दादा त्याच क्लबात कोर्ट सारवायचे. आपल्याकडची कोर्टं शेणाची. शेण, माती आणि पाणी कालवून असं गुळगुळीत सारवायचे, की आई म्हणायची, "घरातली जमीन येकदा तरी अशी सारवा वो."

मग तो दुष्काळ आला. गुरं श्रीगोंद्याकडं चारा-छावणीत गेली, तिथं निदान उसाचं वाढं तरी मिळत होतं. गुरं गेली तसं शेण गेलं. पाणी तर टँकरचं, तेही प्यायचं. कोर्टाला आधी केसाएवढी भेग पडली, मग बोट जाईल एवढी. दादा रोज सकाळी जाऊन त्या भेगांपाशी उकिडवे बसायचे, दवाखान्यात पेशंटपाशी बसतात तसे. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावलं. त्यांचं बोलणं म्हणजे तोंडात गरम बटाटा: "वेल बाळू, कोर्ट बंद. कलकत्त्याला एक क्लब आहे. दर हिवाळ्यात मार्कर लोकांची सिंगल्स घेतात. जो जिंकेल त्याला वर्षभर नोकरी आणि राहायला खोली. जातोस?"

मोठ्या स्पर्धेत नाव झालेले खेळाडू खेळतात, पेपरात फोटो येतात. ही त्याच्या खालची, आमच्यासारख्या पगारी लोकांची. पेपरात एक ओळसुद्धा नाही. पण खोली होती. खोली मिळाली तर आई-दादांना बोलवीन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मनमाडला गाडी बदलली आणि भाषाच बदलत गेली.

कलकत्त्यात पहिला धक्का म्हणजे सगळेच दादा. ट्रामचा कंडक्टर दादा, चहावाला दादा, पोलीस दादा. मी आपला दर वेळी दचकून मागं बघायचो. दुसरा धक्का हिरवळीचा. कोर्ट गवताचं, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ रबरी पाइपनं पाणी मारणं चाललेलं. मी पाइपच्या तोंडाशी उभा राहिलो तेव्हा माळी म्हणाला, "की देखछो?" काय बघतोस? काय सांगणार त्याला.

तिथला मार्कर रामसुमेर. बिहारातल्या छपऱ्याकडचा, केस पिकलेले, पिंढऱ्या दोरासारख्या. बाहेरून आलेल्या आम्हा सगळ्यांना त्यानं आपल्या खोलीच्या व्हरांड्यात जागा दिली, चहा दिला. मला म्हणाला, "बेटा, आओ, कमरा देख लो." मी म्हटलं, असेल गप्पिष्ट म्हातारा. तो एकेक दाखवत गेला. ही खिडकी जोरात ओढायची, नाहीतर पावसात पाणी येतं. हा कोपरा ओला राहतो, इथं पेटी ठेवू नकोस. रोलरच्या शेडमध्ये साप निघतो, पण मारू नकोस, जुना आहे. मी हसत हसत त्याच्या चालीची नक्कलपण करून दाखवली. तो खूप हसला. हसून झाल्यावर माझ्या पायांकडं बघत राहिला. पाय तरणे होते माझे.

बाकीचे जिंकायच्या घाईत जोरात मारून आपणच चुकत होते, मी नुसता चेंडू परत देत एकेक मॅच काढत गेलो. दुसऱ्या बाजूनं तोही. फायनलला समोर तोच.

आता गंमत ऐका. दोघंही अस्सल मार्कर! मी चेंडू त्याच्या हातात दिला, त्यानं माझ्या हातात दिला. मी पुन्हा कमरेइतका, लाडूसारखा. त्यानं पण तसाच. कुणी कुणाला पळवेना. आयुष्यभर हाताला जे वळण लागलं, ते हात कसं सोडणार? चेंडू नुसता इकडून तिकडं, पाळण्यासारखा. खुर्च्यांवरचे मेंबर आधी टाळ्या वाजवत होते, मग हसायला लागले, मग जांभया द्यायला लागले. एक तर ओरडला, "अरे, मॅच है कि दोनों नमस्ते कर रहे हो?" चुकून कुणाचा नेटमध्ये गेला की पॉइंट. असाच एक सेट त्याला, एक मला.

तिसऱ्या सेटच्या आधी सेक्रेटरीबाबू आले. पान चघळत म्हणाले, "भेरी गुड, भेरी गुड. किंतु खेलो! नहीं तो दोनों को छुट्टी."

दोघांना सुट्टी म्हणजे कळलं ना? खोली तिसऱ्यालाच. मी रामसुमेरकडं बघितलं. तो घाम पुसत होता. त्याला पळवून मारायला पाहिजे हे मला कळत होतं, पण बाळूच्या हातून ते होत नव्हतं. मग मी काय केलं, मला जे येतं तेच केलं. भिंगारला एक कप्तानसाहेब होते. ते मार्करला कोपऱ्याकोपऱ्यात नाचवायचे, दमला की अंगावर चेंडू मारायचे आणि म्हणायचे, "हल, हल, पेन्शन खातोस का?" त्यांची नक्कल माझी सगळ्यात गाजलेली. मी मान तिरकी केली, खालचा ओठ पुढं काढला आणि कप्तान झालो.

पहिला चेंडू डाव्या कोपऱ्यात. दुसरा नेटजवळ टाकला. म्हातारा धावत आला, पुढचा त्याच्या डोक्यावरून मागं. खुर्च्या जाग्या झाल्या. मला वाटलं, एक-दोन गेमनंतर थांबेन. पण नक्कल अशी असते की रंगली की थांबत नाही. तो ओल्या गवतावर घसरून पडला, उठला, आणि मी तो उभा राहायची वाट बघून बरोबर त्याच्या अंगावर मारला. मेंबर उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझा ओठ अजून पुढंच होता.

नेटपाशी त्यानं हात पुढं केला. "अच्छा खेले," म्हणाला. मागं "बेटा" जोडलं नाही. संध्याकाळच्या आत त्याची पेटी आणि वळकटी बाहेर होती. कुठं गेला, नक्की कुणी सांगत नाही. माळी म्हणतो गावी गेला. चहावाला म्हणतो, हावड्याच्या पुलाखाली दिसला, पण नीट ओळखू आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात दादा आले, आई आली नाही. दादा खोलीत बसले, पण पाठ भिंतीला टेकवली नाही. हिरवळीवर अनवाणी एक चक्कर मारली, वाकून गवत दाबून बघितलं. मला विचारलं, "त्यो गेला कुटं?" मी म्हटलं, गावी. चार दिवसांत परत निघाले. "हितं पानी लई हाय रं," एवढंच बोलले. आपल्याकडंही तोवर पाऊस झाला होता, गुरं परतली होती. दादांनी कोर्टं पुन्हा सारवली. क्लब सुरू झाला आणि माझ्या जागी आपल्या गल्लीतलाच एक जण मार्कर लागला. चांगला खेळतो म्हणे. आई कळवते, ये एकदा. पण हिवाळ्यात सिंगल्स असते, आणि एरवी मार्करला सुट्टी नसते. आणि इथं हरून तिकडं यायचं म्हटलं, तर तिथं बसलेल्याला उठवून बसायचं. त्या पोराची आई आमच्याकडं ताकाला येते.

परवा यंदाच्या सिंगल्सचा बोर्ड लागला. माझी पहिली मॅच सोमवारी. समोरच्याच्या नावापुढं खडूनं गाव लिहिलंय, राहाता, म्हणजे आपल्याच नगर जिल्ह्यातलं. मी दोनदा वाचलं.

आज संध्याकाळी खोलीत बसून हेच लिहीत होतो, तर व्हरांड्यातून वास आला. बाजरीची भाकरी. दार उघडलं. माझ्याच वयाचा एक जण विटांच्या चुलीवर तवा ठेवून बसला होता. पीठ गावाहून आणलेलं. मी म्हटलं, "राहात्याचा का रं तू?" तो उडालाच. "आयला! तुमी आपल्याकडचं? मला वाटलं हितं समदं बंगालीच. बसा की, गरम हाय तवर खावा."

बसलो. अर्धी त्यानं मोडून दिली, वर मिरचीचा ठेचा. तो बोलत होता: तिकडचा पाऊस, बाजार, त्याची बहीण, घरचं बांधकाम अर्धं राहिलेलं, ही खोली मिळाली तर काय काय करणार. मी नुसता त्याचे "हाय" आणि "व्हय" ऐकत होतो. कुणी मला घर कुठं म्हणून विचारतं तेव्हा मी भिंगार म्हणतो, सवयीनं. पण खरं सांगू, ती भाकरी संपेपर्यंत मी घरी होतो, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

हात धुताना त्यानं विचारलं, "आमाला अजून बोर्ड वाचायला जमला न्हाई बगा. सोमवारी तुमची कुनासंगं हाय?"

मी तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही खाली ठेवला नाही.