पाठ धरणारी बाई

माझ्या लेकीचे दिवस भरत आले तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात तिच्या सीझरची तारीख ठरली, आणि माझं डोकं फिरलं. बाळ नीट होतं, लेक ठणठणीत होती. मग पोट कापायचं कशाला? सीझरनं जीव वाचतात हे मला ठाऊक आहे, माझ्या धाकट्या बहिणीचा वाचला. पण आमच्या गल्लीत हल्ली जिला पाहावं तिचं सीझरच. मी थेट डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"मॅडम, काऊन घाई करून राह्यल्या तुम्ही?"

त्या तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. "सीझर करा असं मी नाही म्हटलं, बाई. तुमच्या मुलीनंच मागितलंय. तिलाच विचारा."

घरी मी लेकीला विचारलं. ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, बाळंतपणाच्या खोलीत कोणालेच येऊ देत नाई. कळा येतीन तवा मी एकटीच. मले भेव लागते."

एवढंच होतं! माझा राग कुठल्या कुठे गेला. आलापल्लीजवळच्या माझ्या माहेरी बाळंत होणारीची पाठ धरायला एक बाई ठरलेली असायची. या लेकीच्या वेळी माझी आत्या मागे बसली होती, मला छातीशी टेकवून. कळ आली की मी तिच्या मांड्या ओरबाडायची, ती मला शिव्या घालायची, पण सोडलं नाही तिनं. घाबरायला मला सवडच मिळाली नाही.

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. "मले आत घ्या. तिच्या मागं बसतो, बाकी काई नाई."

त्या हसल्या. "बसा. पण बाळाचे ठोके बिघडले तर मी सीझर करीन, मग भांडायचं नाही."

मी कबूल केलं, आणि मी मागे बसणार म्हटल्यावर लेकीनंही सीझरचा हट्ट सोडला.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी मी खाटेवर चढून लेकीच्या मागे बसले. तिनं माझे हात पार काळेनिळे केले. ऊन कलताना नात रडली. मीही रडले, त्यात लाज कसली?

खाली उतरत होते तर पडद्यापलीकडच्या खाटेवरून हाक आली. एटापल्लीकडची पोर होती, तिची माणसं बाहेर बाकावर. दुपारभर ती एकटीच "सीझर करा ना" म्हणून विनवत होती. आता हळूच म्हणाली, "बाई, माही पाठ धरता का?"

मी पदर खोचला आणि तिच्या मागे जाऊन बसले.